तीन वर्षांचा कापलेला कर परत मिळेल का?

प्रश्न : मी ६७ वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. मला सध्या दरमहा २८,००० रुपयांच्या आसपास निवृत्तिवेतन मिळते. निवृत्त होताना मिळालेली रक्कम एका बँकेत मुदत ठेवीत ठेवली आहे. माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही, म्हणून मी आजवर कधीच विवरणपत्र भरले नाही. गेल्या महिन्यात भाच्याने फॉर्म २६ एएस (आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद) काढून दाखवला, तेव्हा कळले की बँकेने माझ्या व्याजातून २०२२-२३ मध्ये १३,०००, २०२३-२४ मध्ये १३,८०० आणि २०२४-२५ मध्ये १४,६०० रुपये टीडीएस कापला आहे. माझे यजमान दीड वर्ष आजारी होते आणि मार्च २०२४ च्या अखेरीस वारले. आपले छोटे दुकान त्यांनी आजारपणाआधीच बंद केले होते आणि ठेवीच्या व्याजाखेरीज त्यांना काही उत्पन्न नव्हते, तरी त्यांच्याही नावावर २०२३-२४ मध्ये ६,२०० रुपये कापले गेले आहेत. बँकेत विचारले, तर पैसे सरकारकडे जमा झाले, आता आमच्या हातात काही नाही, असे उत्तर मिळाले. ओळखीतला एक सल्लागार म्हणतो, ‘अद्ययावत विवरणपत्र भरून सगळ्या वर्षांचे पैसे आणून देतो, मिळतील त्यातले वीस टक्के मला द्या.’ शेजारी म्हणतात, नव्या कायद्यात मुदत उलटल्यावर परतावा मिळतच नाही. यात खरे काय आणि मी काय करावे?

उत्तर : ताई, आपण लिहिलेल्या आकड्यांची बेरीज ४७,६०० रुपये होते, आणि ही संपूर्ण रक्कम मागण्याचा हक्क आजही शाबूत आहे. मात्र ती एकाच अर्जाने मिळणार नाही. २०२४-२५ ची रक्कम साध्या मार्गाने मिळेल, पण त्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख आहे. त्याआधीच्या दोन वर्षांसाठी आपल्याला आधी विलंब माफ करून घ्यावा लागेल, आणि यजमानांची रक्कम आपल्याला त्यांच्या वारस म्हणून मागावी लागेल. हे उत्तर नोव्हेंबर २०२५ मध्ये लिहीत असल्यामुळे, बाकी काही नंतर केले तरी चालेल, पण पहिले काम या महिन्यातच पूर्ण करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

बँकेतल्या कर्मचाऱ्यांनी आपल्याला सांगितले ते बरोबर आहे. कापलेली रक्कम बँक आपल्या पॅन क्रमांकावर सरकारजमा करते आणि त्यानंतर ती परत करण्याचा अधिकार फक्त आयकर विभागाला उरतो. बँकेने ती कापली यातही चूक नव्हती. ज्येष्ठ नागरिकाचे वर्षाचे व्याज त्या काळी ५०,००० रुपयांच्या वर गेले की दहा टक्के कर कापणे बँकेला बंधनकारक होते. आपले एकूण उत्पन्न किती आहे आणि त्यावर कर लागतो की नाही, हे बँकेला माहीत नसते. ते सांगण्यासाठी फॉर्म १५ एच नावाचे घोषणापत्र असते, आणि ते आपण दिले नव्हते. त्याविषयी पुढे लिहितोच.

शेजाऱ्यांनी ऐकलेली गोष्ट निराधार नाही, पण ती अर्धवट आहे. आयकर विधेयक, २०२५ प्रथम मांडले गेले तेव्हा, परतावा हवा असेल तर विवरणपत्र मूळ मुदतीतच भरले पाहिजे, अशी तरतूद त्यात होती. बैजयंत पांडा यांच्या अध्यक्षतेखालील लोकसभेच्या प्रवर समितीने ती काढून टाकण्याची शिफारस केली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या सुधारित विधेयकात ती अट राहिली नाही. शिवाय तो कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्यामुळे आपल्या तिन्ही वर्षांना १९६१ चा आयकर कायदाच लागू आहे. बातमीचा पहिला भाग गावभर पोहोचला आणि दुसरा पोहोचला नाही. त्यामुळे आपल्यासारख्या किती जणांनी हक्काच्या पैशांवर पाणी सोडले असेल, या विचाराने मला खरोखर वाईट वाटते.

आता एका गैरसमजाकडे वळतो, कारण सगळा गुंता त्यातूनच झाला आहे. आपण लिहिता की उत्पन्नावर कर लागत नाही म्हणून विवरणपत्र भरले नाही. कर न लागणे आणि विवरणपत्र भरण्याची गरज नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२४-२५ चा हिशेब पाहू. निवृत्तिवेतन ३,३६,००० रुपये, त्यातून प्रमाणित वजावट ७५,००० रुपये, म्हणजे राहिले २,६१,००० रुपये. त्यात १,४६,००० रुपये व्याज मिळवले की एकूण उत्पन्न ४,०७,००० रुपये होते. नव्या करप्रणालीत त्या वर्षी ३ लाखांपर्यंत कर नव्हता आणि त्यावरच्या १,०७,००० रुपयांवर पाच टक्क्यांनी ५,३५० रुपये कर निघतो. परंतु ७ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना कलम ८७ ए खाली २५,००० रुपयांपर्यंत सूट असल्यामुळे हा कर शून्यावर येतो. म्हणजे कर शून्य हे आपले म्हणणे बरोबर आहे. पण उत्पन्न ३ लाखांच्या मूळ मर्यादेपेक्षा जास्त असल्याने विवरणपत्र भरणे आपल्यावर बंधनकारक होते. ते मुदतीत, म्हणजे या वर्षी वाढवून दिलेल्या १६ सप्टेंबर २०२५ या तारखेपर्यंत भरले गेले नाही, म्हणून कलम २३४ एफ प्रमाणे विलंब शुल्क लागेल. एकूण उत्पन्न ५ लाखांच्या आत असल्यामुळे ते १,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. १४,६०० रुपयांतून ते वजा जाऊन १३,६०० रुपये आपल्या हाती येतील.

हे विलंबित विवरणपत्र कलम १३९(४) खाली भरायचे आहे. निवृत्तिवेतन आणि व्याज एवढेच उत्पन्न असल्याने आपल्याला ‘सहज’ म्हणून ओळखला जाणारा आयटीआर-१ हा फॉर्म पुरेल. मुदत उलटल्यावर भरलेल्या विवरणपत्रात जुनी करप्रणाली निवडता येत नाही, त्यामुळे ज्येष्ठांना व्याजावर मिळणारी कलम ८० टीटीबीची ५०,००० रुपयांची वजावट या वर्षासाठी घेता येणार नाही. आपल्या बाबतीत त्यावाचून काही अडत नाही, कारण कर एरवीही शून्यच येतो. पण कोणी ती वजावट लिहून दिली, तर ती नामंजूर होऊन नाहक पत्रव्यवहार वाढेल.

भरण्याआधी आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवरून फॉर्म २६ एएस आणि वार्षिक माहिती विवरण, ज्याला सगळे एआयएस म्हणतात, ही दोन्ही पत्रके उतरवून घ्यावीत. टीडीएसचा आकडा २६ एएस मध्ये दिसतो तोच लिहावा. व्याज मात्र पासबुकात जमा झालेले न धरता बँकेच्या व्याजाच्या दाखल्याप्रमाणे लिहावे. मुदत संपल्यावर एकरकमी व्याज देणाऱ्या ठेवींवर बँक दर वर्षीच्या साचलेल्या व्याजावर कर कापते, आणि पासबुकात तर त्या वर्षी काहीच आलेले नसते. इथे अनेकांची गफलत होते आणि दाखवलेले व्याज व कापलेला कर यांचा मेळ न बसल्याने परतावा अडकतो. बचत खात्याचे थोडे व्याज असेल तेही लिहावे.

विवरणपत्र सादर केल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याचे सत्यापन झाले पाहिजे. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने ते घरबसल्या होते. ज्यांना ते जमत नाही, त्यांनी पोचपावतीवर स्वाक्षरी करून ती टपालाने बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्राकडे पाठवावी. सत्यापनाशिवाय विवरणपत्र भरलेलेच नाही असे मानले जाते. परताव्याचे पैसे धनादेशाने येत नाहीत. पोर्टलवर आधी पडताळून घेतलेल्या आणि पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच ते जमा होतात. बँकांच्या विलीनीकरणानंतर शाखांचे आयएफएससी कोड बदलले आहेत, त्यामुळे जुन्या पासबुकावरचा कोड वापरू नये. खात्यावरचे आणि पॅनवरचे नाव जुळते का, हेही पाहावे. आपल्या पिढीतल्या कित्येक जणींच्या बाबतीत एका ठिकाणी माहेरचे आणि दुसऱ्या ठिकाणी सासरचे नाव असते आणि पडताळणी तिथेच अडते. पॅन आधारशी जोडलेला आहे ना, याचीही खात्री करून घ्यावी, कारण निष्क्रिय पॅनवर परतावा दिला जात नाही.

आता मागच्या दोन वर्षांविषयी. २०२२-२३ आणि २०२३-२४ या वर्षांची विलंबित विवरणपत्रे भरण्याची मुदत अनुक्रमे ३१ डिसेंबर २०२३ आणि (वाढवून दिल्यामुळे) १५ जानेवारी २०२५ रोजी संपली. सल्लागार सांगतात ते अद्ययावत विवरणपत्र, म्हणजे कलम १३९(८ ए) खालचे आयटीआर-यू, चार वर्षांपर्यंत भरता येते हे खरे. पण ते राहून गेलेले उत्पन्न दाखवून जादा कर भरण्यासाठी आहे. ज्या विवरणपत्रातून परतावा निघतो किंवा आधीचा परतावा वाढतो, ते या कलमाखाली भरताच येत नाही, असे कायदा स्पष्टपणे म्हणतो. त्यामुळे सल्लागारांचा प्रस्ताव एक तर अज्ञानातून आला आहे किंवा त्यामागे दुसरे काही आहे. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणारी व्यक्ती परतावा फुगवण्यासाठी न केलेल्या गुंतवणुकी, न दिलेल्या देणग्या विवरणपत्रात लिहिते, असे अनेकदा घडते. चुकीच्या माहितीमुळे कमी दाखवलेल्या उत्पन्नावरील कराच्या २०० टक्के इतका दंड होऊ शकतो, आणि तो विवरणपत्र ज्यांच्या नावाचे असते त्यांनाच भरावा लागतो. आपल्याला टक्केवारीवरचा सल्लागार मुळीच नको. मदत लागली तर एखाद्या सनदी लेखापालाकडे जावे आणि कामाची ठरावीक फी आधीच विचारून घ्यावी; ४७,६०० रुपयांचे वीस टक्के म्हणजे ९,५२० रुपये होतात, आणि एवढी रक्कम देण्याजोगे हे काम नाही.

या दोन वर्षांसाठी योग्य मार्ग कलम ११९(२)(ब) चा आहे. खरोखरीची अडचण होती असे पटले, तर मुदतीनंतरही परताव्याची मागणी स्वीकारण्याची मुभा या कलमाने दिली आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने १ ऑक्टोबर २०२४ रोजी काढलेल्या ११/२०२४ क्रमांकाच्या परिपत्रकाप्रमाणे, आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत असा अर्ज करता येतो, आणि १ कोटी रुपयांपर्यंतच्या मागणीवर प्रधान आयुक्त किंवा आयुक्त निर्णय देतात. २०२२-२३ च्या उत्पन्नाचे आकारणी वर्ष २०२३-२४ असते आणि ते ३१ मार्च २०२४ रोजी संपले. म्हणून आपल्याला त्या वर्षासाठी ३१ मार्च २०२९ पर्यंत अर्ज करता येईल. २०२३-२४ साठी ही तारीख ३१ मार्च २०३० आहे. एवढा अवधी हाताशी असला तरी थांबू नये, कारण वेळ जाईल तसे बँकेचे दाखले आणि रुग्णालयाचे कागद मिळवणे अवघड होत जाते.

अर्ज पोर्टलवर विलंब माफीच्या विनंतीखाली करता येतो. प्रत्येक आकारणी वर्षाचा अर्ज वेगळा असावा. त्यासोबत उत्पन्नाचा हिशेब, २६ एएस, निवृत्तिवेतनाचे व व्याजाचे दाखले जोडावेत, आणि विलंबाचे कारण साध्या शब्दांत, तारखांसह लिहावे. या कारणाच्या मजकुरावर पुष्कळसे अवलंबून असते, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ‘मला नियम माहीत नव्हता’ एवढेच लिहिले, तर अर्जाचा पाया कच्चा राहतो. २०२२-२३ च्या विवरणपत्राची मुदत ३१ जुलै २०२३ ला आणि विलंबित विवरणपत्राची त्याच वर्षाच्या डिसेंबरअखेर संपली. या पूर्ण काळात आपण यजमानांच्या शुश्रूषेत होतात. रुग्णालयात दाखल केल्याच्या आणि घरी सोडल्याच्या तारखा द्याव्यात, कागद जोडावेत. २०२३-२४ च्या मुदती मात्र ते गेल्यानंतरच्या, जुलै २०२४ ते जानेवारी २०२५ मधल्या आहेत, म्हणून तिथे आजारपणाचे कारण जसेच्या तसे उचलून लिहू नये. त्या काळात खरोखर काय होते ते लिहावे : घरातले आर्थिक व्यवहार कोण पाहत असे, यजमानांच्या पश्चात कागदपत्रे कधी हाती आली, कर कापला गेल्याचे प्रथम कधी कळले. अधिकारी कारण खरे आहे का आणि मागणीची रक्कम बरोबर आहे का, या दोन्ही गोष्टी तपासतात, आणि प्रामाणिकपणे लिहिलेले साधे कारण त्यांना ओळखू येते, असे मला वाटते.

अर्जाचा निकाल शक्यतो सहा महिन्यांत लावावा, असे त्याच परिपत्रकात म्हटले आहे. आदेश आपल्या बाजूने लागला की आदेशाचा क्रमांक आणि तारीख नमूद करून त्या वर्षाचे विवरणपत्र भरता येते. आकड्यांविषयी म्हणाल, तर २०२३-२४ साठी नव्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,००० रुपये होती. ३,२४,००० रुपये निवृत्तिवेतन आणि १,३८,००० रुपये व्याज धरून उत्पन्न ४,१२,००० रुपये होते आणि सूट मिळून कर शून्यच येतो. २०२२-२३ मध्ये जुनी प्रणालीच मूळ होती, म्हणून त्या वर्षी ८० टीटीबीची वजावट मिळते : ३,१२,००० रुपये निवृत्तिवेतनातून ५०,००० आणि १,३०,००० रुपये व्याजातून ५०,००० वजा जाऊन उत्पन्न ३,४२,००० रुपये राहते. ज्येष्ठांच्या ३ लाखांच्या मर्यादेवरच्या ४२,००० रुपयांवर २,१०० रुपये कर निघतो आणि तोही सुटीत जातो. दोन्ही वर्षांसाठी १,००० रुपयांचे विलंब शुल्क मात्र धरून चालावे.

यजमानांच्या ६,२०० रुपयांसाठी आपल्याला पोर्टलवर आपल्या खात्यातून त्यांची कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी लागेल. त्यांचा मृत्यूचा दाखला, त्यांचा आणि आपला पॅन, आणि वारस असल्याचा पुरावा एवढे कागद त्यासाठी लागतात. न्यायालयाचाच वारस दाखला हवा असे नाही. स्थानिक महसूल अधिकाऱ्यांनी दिलेला वारस दाखला चालतो, किंवा आपण त्यांच्या खात्याच्या नामनिर्देशित अथवा सहधारक आहात असे बँकेने आपल्या पत्रशीर्षावर लिहून दिलेले पत्रही चालते. बँकेचे पत्र सहसा लवकर मिळते, म्हणून आधी तिथेच विचारावे. नोंदणी मंजूर झाल्यावर त्यांच्या वतीने विलंब माफीचा अर्ज आणि नंतर विवरणपत्र आपणच भरायचे आहे. त्यांचे उत्पन्न ६२,००० रुपयांच्या व्याजाएवढेच असल्यामुळे विवरणपत्र भरण्याचे बंधन त्यांच्यावर नव्हते, त्यामुळे इथे विलंब शुल्क लागणार नाही. एवढे मात्र पाहावे की दुकानाच्या काळातली एखादी जुनी थकीत मागणी त्यांच्या पॅनवर दिसते का. दिसत असेल, तर कलम २४५ प्रमाणे विभाग परतावा त्या मागणीत वळता करू शकतो. तसे करण्याआधी सूचना येते, आणि मागणी चुकीची असेल तर त्या सूचनेला २१ दिवसांत उत्तर द्यावे. त्यांच्या नावची ठेव अजून तशीच असेल, तर ती आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर व्याज आणि कर दोन्ही त्यांच्याच पॅनवर जात राहतील.

परताव्यावर दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते, पण विवरणपत्र उशिरा भरले की ते भरल्याच्या तारखेपासूनच मोजले जाते आणि आपल्यामुळे झालेल्या विलंबाचा काळ त्यातून वगळला जातो. म्हणून व्याजाची फारशी आशा धरू नये. जे थोडे मिळेल, ते त्या वर्षीच्या उत्पन्नात दाखवावे.

विवरणपत्राची तपासणी झाल्यावर कलम १४३(१) खालचे सूचनापत्र ई-मेलवर येईल. त्यात टीडीएस कमी धरला असेल, तर कलम १५४ खाली दुरुस्तीची विनंती करावी. परतावा मंजूर होऊनही खात्यात जमा झाला नाही, तर पोर्टलवरूनच तो पुन्हा पाठवण्याची विनंती करता येते. याच सुमारास ‘तुमचा परतावा मंजूर झाला, खाली टिचकी मारून खाते तपासा’ असे संदेश मोबाइलवर येऊ लागतात. विभाग कधीही कार्डाचा क्रमांक, पिन किंवा ओटीपी विचारत नाही, त्यामुळे असा संदेश उघडू नये. काय झाले ते पोर्टलवर स्वतः जाऊनच पाहावे.

कार्यालयात जाण्याची वेळ आली, तर संकोच बाळगू नये. तेव्हाच्या केंद्रीय महसूल मंडळाने ११ एप्रिल १९५५ रोजी काढलेल्या १४ क्रमांकाच्या परिपत्रकात अधिकाऱ्यांना स्पष्ट सांगितले आहे की, करदात्याला आपले हक्क माहीत नाहीत याचा फायदा त्यांनी घेऊ नये, उलट परताव्यासारख्या बाबतीत त्याला मदत करावी. सत्तर वर्षांपूर्वीच्या या सूचनेचा आधार न्यायालये आजही घेतात. आपण तिथे उपकार मागायला जात नाही, जास्त घेतले गेलेले परत मागायला जात आहात.

राहिले चालू वर्ष, म्हणजे २०२५-२६. एप्रिल २०२५ पासून ज्येष्ठ नागरिकांसाठी व्याजावरील टीडीएसची मर्यादा १ लाख रुपये झाली आहे, पण आपले व्याज त्याहून जास्त असल्यामुळे कपात सुरूच असणार. फॉर्म १५ एच आजच बँकेत द्यावा. आपला अंदाजित कर शून्य असल्याने आपण त्याला पात्र आहात. ठेवी एकाहून अधिक बँकांत असतील, तर प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा आणि पोच घ्यावी. त्यामुळे मार्चपर्यंतची कपात थांबेल. आतापर्यंत कापले गेलेले पैसे ३१ जुलै २०२६ पूर्वी भरायच्या विवरणपत्रातून विलंब शुल्काविना परत मिळतील, आणि एप्रिल २०२६ मध्ये नव्या वर्षासाठी तसेच घोषणापत्र बँकेला पुन्हा द्यावे लागेल.